पहिल्या बाणाची तयारी: लाँगबो आणि रिकर्व्हने शिकार करणाऱ्यांसाठी वर्षभराचा सराव

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरीण टिपण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत चालतो. एवढ्या दिवसांत लाँगबो (लांब, जवळपास सरळ धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन बसणाऱ्याला सोडण्याजोगा बाण बरेचदा एकदाच मिळतो. तोही पहाटेपासून दोन-तीन तास थंडीत निश्चल बसल्यावर, खांदे आखडलेले आणि अंगावर जाड जॅकेट असताना. आधी दोन बाण मारून हात मोकळा करायची सोय नसते. रविवारी मैदानावर सहावा-सातवा बाण अगदी मधोमध लागतो, त्याचा इथे उपयोग नाही. सराव करायचा तो या पहिल्या, थंड बाणासाठी, आणि हा बाण भरवशाचा होतो तो रोज थोडं थोडं मारल्यानेच.

पुढचं सगळं उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, म्हणजे व्हाइटटेलच्या, कायदेशीर शिकारीबद्दल आहे. तिथे प्रत्येक राज्याचा परवाना, हंगाम आणि नियम वेगळे आहेत. बऱ्याच राज्यांत धनुष्याच्या ताकदीची किमान मर्यादा ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान असते, काही ठिकाणी अशी मर्यादाच नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. ब्रिटन आणि जर्मनीतही धनुष्याने शिकार करता येत नाही. भारतातल्या वाचकाला यातला ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं शिकारी टोक) आणि प्रत्यक्ष शिकारीचा भाग सोडून बाकीचा सराव फोमच्या जनावरांवर जसाच्या तसा करता येईल. वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय धनुर्विद्या संघटनेच्या थ्रीडी स्पर्धांत लाँगबो आणि बेअरबोवाले (नेमाचं उपकरण न लावता मारणारे) ५ ते ३० मीटरच्या टप्प्यात, अंतर न सांगता ठेवलेल्या फोमच्या जनावरांवर बाण मारतात. शिकाऱ्याचा सरावही याच टप्प्यातला असतो.

कंपाउंडवाल्याला रोजच्या सरावाशिवाय जमतं, मग आपल्याला का नाही?

कंपाउंड धनुष्याच्या टोकांना असलेल्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर वजन एकदम उतरतं. ६० पौंडांचं, ८० टक्के सूट देणारं कंपाउंड ओढून धरताना हातावर १२ पौंडच राहतात. ४५ पौंडांच्या रिकर्व्हमध्ये मात्र पूर्ण ओढल्यावरच पूर्ण ४५ पौंड हातावर येतात. वर ना नेम धरायची साइट, ना दोरी सोडायचं यंत्र. नेम डोळ्याचा, दोरी तीन बोटांवर. बोटं, पाठ आणि डोळा यांचा मेळ सुटला की बाण भरकटतो, आणि हा मेळ आठ-दहा दिवसांच्या खंडातही सैल पडतो. कंपाउंडवाला ऑगस्टमध्ये धनुष्य बाहेर काढून सप्टेंबरमध्ये रानात जाऊ शकतो. आपल्याला ते परवडत नाही.

दुसरी अडचण वेगाची. ४५ पौंडांच्या रिकर्व्हमधून शिकारीचा जड बाण सेकंदाला साधारण १७० फुटांनी निघतो. २० यार्ड, म्हणजे १८ मीटर, जायला त्याला ०.३५ सेकंद लागतात. दोरीचा आवाज तेवढंच अंतर ०.०५ सेकंदात कापतो. म्हणजे बाण पोहोचायच्या ०.३ सेकंद आधी हरणाला चाहूल लागलेली असते. पळण्यासाठी ते आधी पाय दुमडून खाली बसकण घेतं आणि वीतभर खाली जाऊ शकतं. त्यामुळे पारंपरिक शिकारीत अंतर वाढवण्यापेक्षा जवळ जाण्याला मोल आहे. कॅलिफोर्नियात १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ रानातून पुढे आलेला ‘याही’ (Yahi) नावाच्या आदिवासी जमातीचा इशी आणि त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेले डॉ. सॅक्स्टन पोप यांच्यापासून अमेरिकेतली आधुनिक धनुष्य-शिकार सुरू झाली असं मानतात. इशीचाही सगळा भर जनावराच्या जवळ सरकण्यावर होता.

आधी धनुष्य हलकं करा

सराव बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे झेपत नाही असं धनुष्य. दुकानात दोनदा ओढून बघितलं, जमलं, घेतलं. घरी विसाव्या बाणाला हात थरथरतो, दोरी गालापर्यंत यायच्या आतच सुटते, आणि महिनाभरात ही सवय पक्की होते. मग वर्षभर तीच मोडत बसावं लागतं.

तपासणी सोपी आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरा आणि आभाळाकडे न उचलता सरळ मागे ओढा. गालाशी आणून आठ-दहा सेकंद स्थिर धरा, मग तितक्याच ताब्यात खाली उतरवा. हे लागोपाठ पाच वेळा जमलं नाही तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. लिंब, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणारे धनुष्याचे दोन भाग, बदलता येणारं टेक-डाउन रिकर्व्ह घेतलं तर ३० पौंडांच्या लिंबवर सुरुवात करून पाच-पाच पौंडांनी वर जाता येतं. दोन टप्प्यांच्या मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या. स्नायू लवकर वाढतात, स्नायूबंध सावकाश. घाई केली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्यात दुखणं धरतं आणि अख्खा हंगाम जातो.

धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो, हेही ध्यानात घ्या. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजून त्याला २.५ ने भागलं की तुमची ओढ साधारण कळते. ६५ इंच असेल तर २६ इंच. एक इंच कमी ओढला की अडीच-तीन पौंड कमी होतात. म्हणजे ‘४५ पौंड’ लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात ४० च्या आसपासच भरेल. राज्याची किमान मर्यादा तुमच्या ओढीवर मोजतात की २८ इंचांवर, हे नियमपुस्तिकेत बघून मगच लिंब निवडा. मध्यम बांध्याच्या माणसाला हरणासाठी हातावर खरे ४० ते ४५ पौंड पुरतात. ५५ पौंडांची फुशारकी बाण नीट बसण्याच्या कामी येत नाही.

साहित्य एकदा बसवा आणि आकडे लिहून ठेवा

रोज बदलणाऱ्या साहित्यावर सराव केला तर चूक आपली की धनुष्याची हे कळत नाही. म्हणून आधी चार गोष्टी पक्क्या करायच्या.

पहिली, ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. रिकर्व्हला साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच, लाँगबोला सहा ते साडेसात. निर्मात्याने दिलेल्या कमीत कमी आकड्यापासून सुरू करा आणि दोरीला दोन-तीन पीळ देत, बाण मारत वर जा. ज्या उंचीला आवाज आणि हाताला बसणारा हादरा सगळ्यात कमी, ती तुमची. तो आकडा मुठीजवळ चिकटपट्टीवर लिहा आणि रोज पहिल्या बाणाआधी मोजा. नवी दोरी सुरुवातीला ताणली जाते, तेव्हा अंतर कमी होऊन बाण खाली-वर जायला लागतात.

दुसरी, दोरीवरचा नॉकचा ठसा, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच (नॉक) दोरीवर जिथे बसते ती खूण. शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वर बाण टेकायच्या खाचेवरून, मारत असाल तर तिथून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपेक्षा अर्धा ते पाच-अष्टमांश इंच वर ठेवून सुरुवात करा. त्याहून खाली ठेवला तर बाणाची शेपटी शेल्फवर आपटून उसळते, आणि ते बघून आपण उलटीच दुरुस्ती करत बसतो.

तिसरी, बाणाचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन. पिसं लावलेले तीन आणि पिसं नसलेले दोन बाण घ्या. टोकं एकाच वजनाची हवीत. आधी १० यार्डांवरून मारा, मग १५. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण बाकीच्यांच्या डावीकडे लागला तर तो जास्त ताठ आहे, टोक जड करा. उजवीकडे लागला तर मऊ आहे, टोक हलकं करा किंवा दांडी पाव-पाव इंचाने कापा. खाली लागला तर नॉक जास्त वर आहे. दांडी कापायची वेळ शेवटी, कारण कापलेलं परत येत नाही. आणि ही चाचणी सोडणं एकसारखं झाल्यावरच करा. नवशिक्याच्या हातून बिनपिसाचे बाण चारी दिशांना जातात, त्यावरून काहीच ठरत नाही.

चौथी, बाणाचं वजन. दर पौंडाला १० ग्रेन हे शिकारीसाठी चांगलं माप. ४५ पौंडांच्या धनुष्याला ४५० ग्रेन, म्हणजे २९ ग्रॅम. जड बाण धनुष्याची ताकद जास्त घेतो, आवाज कमी करतो आणि आत खोल जातो. सरावाचं गोल टोक आणि शिकारीचं ब्रॉडहेड एकाच वजनाचं ठेवा, १५० ग्रेनला १५० ग्रेन.

दोरी रोज बोटांनी चोळून बघा. कोरडी, केसाळ वाटली तर मेण लावा. धनुष्य चढवताना कायम स्ट्रिंगर (दोरी चढवायचा दोर) वापरा, पायात अडकवून चढवताना लिंब पिळला जातो. आणि बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ताकद लिंबमध्येच परतते आणि लिंब तडकतो.

तीन यार्डांवरचं काम

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग हाच. छातीच्या उंचीवर मोठा फोमचा ठोकळा किंवा गवताची गासडी, तिच्यावर एकही ठिपका नाही, अंतर तीन ते पाच यार्ड. मागे भिंत असली तरी ती बाण अडवेल अशी हवी आणि तिच्यामागे कुणाची ये-जा नको. इथे नेम धरायचाच नाही. शरीराला एकच क्रम शिकवायचा:

१. पाय खांद्याइतके फाकवून, वजन दोन्ही पायांवर सारखं. मूठ अंगठ्याच्या मुळाशी टेकलेली, बोटं सैल. धनुष्य घट्ट पकडलं की ते सुटताना वळतं.

२. दोरी पहिल्या पेराच्या घडीत. बोटांच्या टोकांवर धरली तर आधीच निसटते, फार खोल घेतली तर सुटताना अडकते.

३. धनुष्याचा हात वर, खांदा खाली. खांदा कानाकडे चढला तर लगेच उतरवून पुन्हा सुरुवात.

४. ओढताना कोपर मागे आणि किंचित बाहेर. जोर दंडात नको, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये यायला हवा.

५. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्यावर टेकवायचं. प्रत्येक वेळी तोच दात, तीच जागा. ही टेकायची जागा, म्हणजे अँकर, पाव इंच सरकली तर २० यार्डांवर बाण पाऊण वीत खाली-वर जातो.

६. थांबून दोन सेकंद मोजा. या दोन सेकंदांत पाठ आणखी थोडी ताणत राहायची.

७. बोटं सैल पडू द्यायची. हात गालाला घासत मागे मानेकडे जायला हवा. जागच्या जागी राहिला तर ताण आधीच सुटला होता.

८. बाण ठोकळ्यात थडकेपर्यंत धनुष्याचा हात जागेवर.

पहिले दोन आठवडे रोज २० बाण एवढंच. त्यातले दहा डोळे मिटून मारा, पण बाण नॉकला लावून, ठोकळ्याकडे रोखून, नीट उभं राहिल्यावरच. डोळे मिटले की एखाद्या फऱ्याची कुचराई लगेच कळते. अनुभवी माणसानेही दर आठवड्यात एक दिवस इथे परत यावं.

दर दहा बाणांत एक बाण पूर्ण ओढून न सोडता खाली उतरवा. हरीण ऐनवेळी वळतं, झाडाआड जातं, मागून दुसरं येतं. तेव्हा खाली उतरवण्याची सवय नसलेला हात ‘आता ओढलंच आहे तर’ म्हणून सोडून देतो. जखमी होऊन निसटलेली किती जनावरं या एका कारणाने गेली असतील, सांगता येत नाही.

रोजचा एक बाण

सकाळी चहाआधी, अंग गरम करायला काही न करता, एक बाण. २० यार्ड, किंवा सध्या जेवढं जमतं तेवढं अंतर. लक्ष्य म्हणून नऊ इंची कागदी ताटली, कारण व्हाइटटेलच्या काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच भरतो. ताटलीवर ठिपका काढू नका. मधला बिंदू डोळ्याने शोधायचा, जनावराच्या अंगावरही वर्तुळ काढलेलं नसतं. एकच बाण मारायचा आणि वहीत लिहायचं: तारीख, अंतर, ताटलीत की बाहेर, बाहेर असेल तर कुठल्या बाजूला.

इथे एक मोह होतो. पहिला बाण चुकला की दुसरा मारून ‘दुरुस्त’ करावासा वाटतो. दुसरा मारा हवा तर, पण वहीत जायचा तो पहिलाच. संध्याकाळचा मोठा सराव वेगळा. आठवड्यात चार-पाच दिवस, दर वेळी २० ते ३० बाण, तीन-तीनच्या फेऱ्या, मधे चालत जाऊन बाण काढून आणायचे. एकदम सहा-सात बाण मारले की चौथ्यापासून आपण विचार करणं सोडतो. ज्या फेरीत अँकर ढिला पडल्याचं कळलं, तिथे त्या दिवसाचा सराव संपला. थकल्यावर मारलेले पुढचे पन्नास बाण चुकीचाच सराव पक्का करतात. एका रविवारी १५० बाण मारून आठवडाभर धनुष्य खुंटीला टांगणाऱ्यापेक्षा रोज पंधरा बाण मारणारा पुढे जातो, आणि त्याचा खांदाही शाबूत राहतो.

वहीत चुका एकाच बाजूला साठायला लागल्या तर कारण बहुधा ठरलेलं असतं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण खाली जात असतील तर सुटायच्या क्षणी ओढ ढिली पडते, किंवा बाण कुठे गेला हे बघायला धनुष्याचा हात लवकर पडतो. डावीकडे जात असतील तर दोरी सोडताना हात गालापासून बाहेर झटकला जातो, किंवा मूठ घट्ट आवळलेली असते. वर जात असतील तर तोंड उघडं राहून अँकर खाली घसरतोय का ते बघा. मोबाइल तिवईवर लावून बाजूने आणि मागून चित्रीकरण केलं तर अर्ध्या चुका आपल्याच डोळ्यांना दिसतात.

आपलं अंतर ठरवायचं कसं

कुठल्याही अंतरावर सलग वीस दिवसांचे पहिले बाण बघा. अठरा ताटलीत असतील तर ते अंतर तुमचं. नसतील तर पाच यार्ड पुढे या. मैदानावर जे ठरलं त्यातून रानासाठी चौथा हिस्सा कापा: मैदानावर २० असेल तर रानात १५. हा आकडा बऱ्याच जणांना लाजिरवाणा वाटतो. वाटू द्या. लाँगबोने होणारी बहुतेक यशस्वी शिकार २० यार्डांच्या आतलीच असते.

अंतराचा अंदाज चुकला तर काय होतं याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. सेकंदाला १७० फुटांच्या बाणाने २० यार्डांचा नेम धरला आणि हरीण खरं २५ यार्डांवर असलं, तर बाण १९-२० सेंटीमीटर खाली जातो. ताटलीची त्रिज्या साडेअकरा सेंटीमीटर. म्हणजे सोडणं अगदी निर्दोष असलं तरी पाच यार्डांच्या चुकीने बाण ताटलीबाहेर. म्हणून अंतर ओळखण्याचा सराव बाण मारण्याइतकाच रोजचा हवा. फिरायला जाताना झाड, कचराकुंडी, उभी गाडी दिसली की आधी आकडा मनात धरायचा, मग पावलं मोजायची किंवा रेंजफाइंडर लावायचा. चढावर, उतारावर आणि दरीपलीकडे अंदाज सगळ्यात जास्त फसतो.

नेम धरण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत बाणाचं टोक आणि लक्ष्य यांच्यातली फट बघतात. १०, १५, २०, २५ यार्डांवर टोक बरोबर मधोमध रोखून बाण किती वर लागतो ते लिहा, तुमच्या धनुष्याचा तक्ता तयार. तिन्ही बोटं बाणाखाली धरली तर जवळच्या अंतरावर ही फट लहान होते. दुसरी पद्धत म्हणजे नुसतं लक्ष्याकडे बघून हाताने जुळवून घेणं. ती सुंदर आहे, पण तिला कितीतरी जास्त बाण लागतात आणि खंड पडला की तीच आधी बिघडते. आठवड्यात दोनच दिवस मिळणाऱ्याने फटीची पद्धत धरावी, असं आमचं मत.

मैदानावरून रानात

सपाट जमिनीवर, टी-शर्टात, सरळ उभं राहून मारलेले बाण शिकारीची अर्धीच तयारी करतात. जुलैपासून सरावात एकेक अडचण घालत जा. गुडघ्यावर बसून, घडीच्या स्टुलावर बसून, उजवीकडे कंबर वळवून. बसून मारताना ६६ इंची लाँगबोचा खालचा लिंब गुडघ्याला किंवा स्टुलाला लागतो. धनुष्य तिरकं करून मारायची सवय आधीच हवी. जॅकेटच्या बाहीला दोरी लागली तर बाण हमखास डावीकडे जातो, त्यामुळे बाहीवर लांब आर्मगार्ड बांधून, हातमोजे आणि टोपी घालून सराव करा. संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात, कायदेशीर वेळेच्या आत, ताटली कधी दिसेनाशी होते तेही बघून ठेवा.

झाडावरच्या मचाणातून, म्हणजे ट्री स्टँडवरून, मारायचं असेल तर उंचीवरून सराव केल्याशिवाय जाऊ नका. २० फुटांवरून १५ यार्डांवर मारताना सरळ रेषेतलं अंतर १६-१७ यार्ड होतं, त्याचा फारसा फरक पडत नाही. बिघडतं ते शरीर. लोक नुसता हात खाली करतात, ओढ इंच-दीड इंच कमी होते आणि अँकर सुटतो. उपाय असा: आधी समोर सरळ धरून खांद्यांचा टी आकार जमवा, मग कमरेतून वाका. आणि स्टँडच्या अगदी खाली आलेल्या हरणावर बाण टाकू नका, उभ्या कोनात एकच फुप्फुस सापडतं. जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत पूर्ण हार्नेस (पडण्यापासून वाचवणारे पट्टे) अंगावर आणि दोराला जोडलेला हवा, सरावातसुद्धा. धनुष्य दोरीने वर ओढून घ्यायचं, हातात घेऊन चढायचं नाही.

बाणाची वाट कमानीसारखी असते, हेही झाडीत मारूनच कळतं. २० यार्डांच्या बाणाचा मधला टप्पा सरळ रेषेपेक्षा साधारण १५ सेंटीमीटर वरून जातो. नजरेच्या रेषेत फांदी नसली तरी त्या रेषेच्या तेवढीच वर असलेली काडी बाण वळवते.

फोमच्या हरणावर कोरलेली वर्तुळं स्पर्धेतल्या गुणांसाठी असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जाऊन शरीराच्या खालच्या एक-तृतीयांशावर बिंदू धरा. पाठ किंचित आपल्याकडे असेल तर बाण पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघायला हवा असा विचार करून बिंदू मागे सरकवा. छाती आपल्याकडे असेल तर बाण सोडायचा नाही. थांबायचं. हे कोन फोमच्या हरणाला रोज वेगळं फिरवून ठेवून घोटून घ्या.

रानातून चालत, कुजलेल्या बुंध्यांवर आणि मातीच्या ढेकळांवर बाण मारत फिरणं हा सगळ्यात चांगला सराव. टोकाला बोथट किंवा चार तारांची जूडो टोकं लावली की बाण गवतात घुसून हरवत नाही. एका ठिकाणी एकच बाण, मग पुढे.

बाण आपोआप सुटायला लागला तर

टार्गेट पॅनिक म्हणतात तो हा आजार. पूर्ण ओढायच्या आतच बाण सुटतो, किंवा टोक लक्ष्याच्या खालीच अडकतं आणि मधोमध आणता येत नाही. मन लक्ष्य दिसणं आणि बोटं सुटणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधून टाकतं. जास्त बाण मारून हे बरं होत नाही, वाढतं. धनुष्य २५-३० पौंडांवर आणा. ताटली पाच यार्डांवर लावा, पूर्ण ओढून बिंदूवर पाच सेकंद धरा आणि न सोडता उतरवा. असे दहा. मग दहापैकी दोन सोडा, आठ उतरवा. मग निम्मे-निम्मे. कोणता सोडायचा हे ओढायच्या आधी ठरवा, ओढल्यावर नाही. पाच यार्डांवर सलग आठवडाभर ताबा राहिला तर मागे सरका, पाच-पाच यार्डांनी. दीड-दोन महिने जातात. हंगामाच्या तोंडावर हा त्रास उद्भवला तर त्या वर्षी धनुष्य घरी ठेवलेलं बरं.

वर्षाची आखणी

जानेवारी ते मार्च हलकं धनुष्य, तीन यार्ड आणि ताकद. ताकदीसाठी बाण लावून ठोकळ्याकडे रोखून ओढा, १५ सेकंद धरा, उतरवा, ४५ सेकंद विश्रांती. असे सहा, आठवड्यात तीन दिवस. हळूहळू ३० सेकंदांपर्यंत न्या. एप्रिल ते जून शिकारीच्या वजनाकडे चढत जा, साहित्य जुळवा, १० ते २० यार्ड, रोजचा बाण चालू. जुलै-ऑगस्ट थ्रीडी, चढ-उतार, स्टँड, कपडे.

ऑगस्टच्या शेवटी ब्रॉडहेड. सरावाची दोन-तीन पाती वेगळी ठेवा, बोथट झाली तरी चालतील. शिकारीची पाती नव्याने धार लावून डबीत. ब्रॉडहेड गोल टोकापेक्षा बाजूला लागत असेल तर साहित्याची जुळवणी पुन्हा तपासा. बाणाचं टोक लाकडी फळीवर (तळहातावर नव्हे) टेकवून बाण फिरवून बघा, पातं डुगडुगलं तर ते सरळ बसलेलं नाही. ही तपासणी गोल टोकाने नव्हे, ब्रॉडहेडनेच करावी लागते. पात्यांसाठी दाट फोमचा ठोकळा वापरा, कापडी पिशवी दोन दिवसांत फाटते. धारेची चाचणी ताणलेल्या रबरबँडवर करा: हलक्या स्पर्शाने तुटला नाही तर धार अजून आली नाही.

हंगाम चालू झाला की बाणांची संख्या कमी करा, पण रोजचा एक बाण सोडू नका. भात्यात एक बोथट टोकाचा बाण कायम ठेवा. दुपारी स्टँडवरून उतरल्यावर, आखडलेल्या अंगाने, जॅकेट न काढता, तो एखाद्या कुजक्या बुंध्यावर मारायचा आणि वहीत लिहायचा. यापेक्षा खरा सराव मैदानावर मिळत नाही. वहीत लागोपाठ तीन थंड बाण बाहेर गेले तर रानातलं अंतर लगेच पाच यार्डांनी कमी करा आणि पुढचे दोन दिवस तीन यार्डांवर परत जा.

जुळलेली दुसरी दोरीही आधीच तयार ठेवा. तिच्यावर नॉकचा ठसा बसवून, शंभरेक बाण मारून, ताण बसल्यावर ब्रेस हाइट मोजून, तिच्यावर चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. ब्रॉडहेड हाताळताना पात्याचा निसटता स्पर्शही दोरी तोडतो. अशा वेळी नवी कोरी दोरी लावली तर पुढचे दोन दिवस ती ताणत राहील आणि वहीतले आकडे लागू पडणार नाहीत.